मिटलेलं पान म्हणजे तहानलेली केळ नव्हे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या अंकात आमच्याकडच्या केळीबागेचा फोटो होता. पानं मधल्या दांड्यापासून दोन्हीकडे खाली उतरलेली, आणि खाली ओळ : ‘उन्हाने केळीने मान टाकली’. फोटो भरदुपारचा असणार. ओळ मात्र अर्धीच खरी.

तो बघून आमच्या गल्लीतल्या दोघांनी दुपारीच जादा ठिबक सोडलं. त्यांना हसायचा मला हक्क नाही. तीन वर्षांपूर्वी मे महिन्यात मीही तेच केलं. जमीन काळी, वर रोज दोन तास जादा पाणी. वाफसा, म्हणजे मातीतला हवेचा आणि ओलीचा मेळ, मोडला, मुळ्या काळ्या पडल्या, आणि पानं दुपारी मिटायची ती मिटतच राहिली.

केळीचं पान आपणहून मिटतं. पातं दांड्याला जिथे जोडलेलं असतं तिथे दोन्ही बाजूंना एक फिकट पट्टी असते. तिच्या पेशींतलं पाणी कमीजास्त झालं की पान छपरासारखं उतरतं. उन्हाचा मारा कमी होतो, आणि पानाची बहुतेक रंध्रं खालच्या अंगाला असल्याने ती आडोशाला येतात. तहानलेलं पान लवकर मिटतं हे खरं, पण भरपूर पाण्यातली केळही पंचेचाळीस अंश तापमानात मिटतेच. म्हणून पान बघायचं ते सकाळी. (वाऱ्याने थोड्या चिरफाळ्या झालेल्या पानांचीही लोक उगाच काळजी करतात. त्या पट्ट्या हलत्या राहतात, पान कमी तापतं.)

खरी तहान पानावर उशिरा दिसते. केळीच्या अंगात पाणी आणि चीक इतका, की जमीन वाळली तरी पान हिरवंगार राहतं. थांबते ती वाढ. म्हणून मी पोंगा, म्हणजे अजून न उलगडलेलं गुंडाळीचं नवं पान, मोजते. सुनेची नेलपॉलिश घ्यायची, संध्याकाळी पोंग्यावर आणि शेजारच्या देठावर एका रेषेत टिपका द्यायचा, दुसऱ्या संध्याकाळी दोन टिपक्यांत किती बोटं पडली ते बघायचं. बाग खुशीत असेल तर चार-सहा बोटं सहज. अंतर रोज घटत गेलं तरच मी पाणी वाढवते. सुनेने आता मला वेगळी बाटली आणून दिली आहे.

पानाचं एवढं कौतुक अशासाठी, की एकदा बाग निसवली, म्हणजे घड बाहेर पडला, की नवीन पान येत नाही. घड भरायचा तो आहे त्या पानांवरच. पावसाळ्यात करपा या पानांच्या रोगाची बुरशी याच खालच्या रंध्रांतून आत शिरते, पान ओलं राहिलं की. तेव्हाच्या बारीक पिवळ्या रेघांचा फोटो कोणी छापत नाही, आणि उपयोग त्याचाच जास्त.

आमच्या विहिरीच्या बांधावर सासूबाईंनी लावलेली भाजीची केळ आहे. तिला ठिबक नाही, खत नाही, तरी दरवर्षी घड देते. आमच्या बागांतल्या जाती, बसराई काय, ग्रँड नैन काय, दोन्ही कॅव्हेंडिश गटातल्याच. वंश सगळा अक्युमिनाटा या रानकेळीचा. भाजीच्या अनेक जातींत बाल्बिसियाना या दुसऱ्या रानकेळीचा वाटा मोठा, म्हणून त्या पाण्याचा ताण जास्त सोसतात. पण काटक म्हणजे निरोगी असंही नाही. मर रोगाच्या बुरशीचा एक प्रकार नेमका अशाच काही जातींना मारतो. जुन्या प्रकारापुढे कॅव्हेंडिश टिकली म्हणून जगभर पसरली, आणि त्याच बुरशीच्या नव्या ‘टीआर-४’ प्रकारापुढे ती आडवी होते. तो भारतातही आला आहे, बिहारात सापडलेला आहे. आणि आमच्याकडे पावसाच्या सुरुवातीला लावलेली मृगबाग असो की पावसाळ्यानंतरची कांदेबाग, रोपं जवळपास सगळी एकाच जातीची, टिश्यू कल्चरची. बांधावरच्या केळीला मात्र बाजारात कोणी विचारत नाही. मीही तिची चार एकर लावणार नाही, खोटं कशाला बोलू?

पुढच्या वेळी फोटोग्राफरला पहाटे सहाला पाठवा. तीच बाग, तीच पानं, सगळी उघडी दिसतील. चहा मी करते.

– एक केळी उत्पादक, यावल तालुका, जि. जळगाव