तांब्याची जोडी सोडवताना

लीड्स, इंग्लंड

तीर्थरूप नानाकाका,
साष्टांग नमस्कार.

इथली तांब्याची लँडलाइन बंद करायची तारीख पुन्हा पुढे गेल्याचं वाचून तुम्ही विचारलंत, की एवढ्या श्रीमंत कंपनीला एक्स्चेंजचं बटण बंद करायला एवढा वेळ का लागावा. फोनवर सांगता सांगता विषय भरकटतो, म्हणून लिहून पाठवतोय. तुमची नोकरी टेलिफोन एक्स्चेंजच्या एमडीएफवर, म्हणजे लाइनी जोडायच्या चौकटीवर, आणि बॅटरी रूममध्ये गेली, त्यामुळे प्राथमिक गोष्टी गाळतो.

इथली मोठी फोन कंपनी बीटी हिने २००४ सालीच जाहीर केलं होतं, की सगळे फोन आयपीवर, म्हणजे इंटरनेटच्या पद्धतीवर, नेणार. कार्यक्रम दहा अब्ज पौंडांचा होता. २००६ मध्ये कार्डिफजवळ सुरुवातही झाली. ब्रॉडबँड आणि इथरनेटचा भाग उभा राहिला, साध्या फोनच्या लाइनी हलवायचं काम मात्र गुंडाळलं गेलं. नंतर डिसेंबर २०२५ ही तारीख ठरली आणि मे २०२४ मध्ये ती जानेवारी २०२७ वर गेली. जर्मनी आणि स्वित्झर्लंडने हेच काम कधीच उरकलं, तेव्हा तंत्राचा दोष नाही.

याला जुना इतिहास आहे. १९६२ मध्ये लंडनच्या हायगेट वुडला, तेव्हा फोनही चालवणाऱ्या पोस्ट ऑफिसने इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंजचा प्रयोग केला आणि तो फसला. त्यानंतर स्ट्रोजर, म्हणजे यांत्रिक स्विचची एक्स्चेंजेस, इतकी वर्षं चालवत राहिले, की इथलं शेवटचं स्ट्रोजर एक्स्चेंज बंद झालं १९९५ साली! आज जे बंद करायचंय ते सिस्टिम एक्स आणि एरिक्सनचं एएक्सई-१० ही डिजिटल एक्स्चेंजेस, म्हणजे ऐंशीच्या दशकातला माल. त्याचे सुटे भाग आता बनत नाहीत. एका ठिकाणचं यंत्र उतरवायचं आणि त्याची कार्डं दुसरीकडे लावायची, असं चाललंय. ते ओळखणारी माणसंही निवृत्त होत चालली आहेत. ‘चालतंय ते चालू द्या’ म्हणणाऱ्यांना हे दिसत नाही, कारण ते बॅटरी रूममध्ये कधी गेलेलेच नसतात.

खरी अडचण अशी, की लाइनच्या टोकाला काय लावलंय हे कुणाच्याच वहीत नाही. तांब्याच्या दोन तारांची जोडी एक्स्चेंजपासून घरापर्यंत ओपनरीचची, म्हणजे जाळं सांभाळणाऱ्या बीटीच्याच कंपनीची. ग्राहक तिच्याकडून घाऊक लाइन घेणाऱ्या दुसऱ्याच कंपनीचा. त्या लाइनवर लिफ्टमधला आणीबाणीचा फोन असेल, तर बिल इमारतीचा व्यवस्थापक भरतो आणि देखभाल लिफ्टवाला करतो. चोरांचा अलार्म, दुकानातलं कार्ड मशीन, पाण्याच्या पंपाची दूरमोजणी, सगळ्यांची हीच कथा. म्हाताऱ्या माणसांच्या गळ्यात अडकवलेली मदतीची बटणं नगरपालिका देते. असे वापरणारे अठरा लाखांच्या आसपास आहेत. नगरपालिकेकडे माणसाचं नाव असतं पण लाइन कुणाची ते ठाऊक नसतं, फोन कंपनीकडे लाइन असते पण बटणाची खबर नसते. दोन याद्या जुळवायच्या तर गोपनीयतेचा करार लागतो, आणि करार वकिलांच्या टेबलावर जातो. प्रत्येक खात्यात ‘थांबा’ म्हणायचा अधिकार एकेकाला दिलेला आहे, ‘आता काढा’ म्हणायचा कुणालाच नाही.

त्या बटणाचं तुम्हाला समजेल अशा भाषेत सांगतो. गळ्यातलं बटण रेडिओवरून घरातल्या डब्याला इशारा देतं. डबा नियंत्रण केंद्राला फोन लावतो आणि टोन वाजवून स्वतःची ओळख देतो. तांब्यावर टोन जसाच्या तसा पोचायचा. आयपीवर त्याचे तुकडे होतात. पॅकेट उशिरा आलं किंवा हरवलं, की टोनचा मधला भाग गळतो. इको काढणारी आणि शांतता दाबणारी सोय त्याला आवाजातला कचरा समजते, आणि बोलणं आवळणारा कोडेक, म्हणजे आवाजाचे आकडे करणारी पद्धत, असला तर टोनचा आकारच बिघडतो. केंद्राला ओळख पटत नाही, डबा पुन्हा पुन्हा फोन लावत बसतो आणि जमिनीवर पडलेली आजी समजते की मदत निघाली. फारसं न आवळणारा जी.७११ कोडेक ठेवून शांतता दाबणारी सोय बंद केली तर बरंच सुधारतं, पण खात्री नाही. खरा उपाय म्हणजे डबाच बदलून सिमकार्डवर चालणारा किंवा मुळात डिजिटल बसवणं. तो खर्च नगरपालिकेच्या माथी.

दुसरं दुखणं विजेचं. तुमच्या एक्स्चेंजमधून पन्नास व्होल्ट यायचे, मागे शिशाच्या बॅटऱ्या आणि डिझेल जनरेटर, म्हणून गाव अंधारात असलं तरी डायल टोन यायचा. फायबरवर घरातला ओएनटी, म्हणजे फायबर जिथे संपतं तो डबा, आणि राउटर घरच्याच विजेवर चालतात. मदतीच्या डब्याला स्वतःची बॅटरी असते, पण राउटर बंद पडला तर ती काय कामाची? नियामक ऑफकॉमची अपेक्षा इतकीच, की लँडलाइनवर अवलंबून असलेल्यांना वीज गेल्यावर किमान एक तास आणीबाणीचा फोन करता यावा. वादळात वीज दोन-दोन दिवस जाते. २०२१-२२ च्या हिवाळ्यातल्या वादळांनंतर मार्च २०२२ मध्ये बीटीने घरगुती लाइनी हलवणं थांबवलं, आणि डिसेंबर २०२३ मध्ये मदत-बटणाच्या बाबतीत काही गंभीर घटना घडल्यावर सरकारने मोठ्या कंपन्यांकडून सनद लिहून घेतली. ही काळजी दहा वर्षं आधी घ्यायची होती. तेव्हा याद्या जुळवल्या असत्या तर आज घाई करावी लागली नसती.

पैशाचं गणितही उलटं आहे. एक्स्चेंजमधल्या नव्वद टक्के लाइनी हलवल्या तरी इमारत, बॅटऱ्या, वातानुकूलन, सगळा खर्च तसाच राहतो. बचत होते ती शेवटची जोडी सुटल्यावर. ओपनरीचला सुमारे ५,६०० एक्स्चेंजेसपैकी जेमतेम हजार ठेवायची आहेत, पण मधल्या काळात दोन्ही जाळी एकदम चालवावी लागतात. त्या खर्चाचा आकडा ज्याच्या बजेटात दिसतो तो वर्षअखेरीला काम पुढे ढकलतो. त्याला दोष तरी किती द्यावा?

तुमच्याकडेही कधीतरी तांबं काढून फायबर देतील, म्हणून थोडं ध्यानात ठेवा. ओएनटी आणि राउटर मिळून साधारण वीस वॅट घेतात. बारा व्होल्ट सात अँपिअर-तासाच्या बॅटरीचा मिनी यूपीएस घेतलात तर तीनेक तास निघतील; मात्र अडॅप्टरवर व्होल्ट किती आणि अँपिअर किती ते आधी वाचा, सगळे सारखे नसतात. फोन ओएनटीच्या फोन पोर्टमध्ये लावायचा. वरच्या मजल्यावरचं एक्स्टेन्शन जुन्याच वायरिंगवर चालवायचं असेल, तर बाहेरून येणारी तांब्याची जोडी आधी पूर्ण सोडवा आणि मगच पोर्टची तार त्या वायरिंगला जोडा. दोन्ही एकदम जोडलेले राहिले तर पोर्ट जळू शकतो. चकतीचा फोन बहुधा चालणार नाही, कारण बऱ्याच पोर्टना पल्स डायलिंग, म्हणजे चकतीचे ठोके, कळत नाही. घंटी वाजेल, पण नंबर लागणार नाही. आणि लाइनमन जायच्या आधी भिंतीवरची वीज बंद करून त्याच्यासमोरच एक फोन लावून बघा.

काकूंना नमस्कार. जिन्याखालचा तो जुना जॉइंट बॉक्स अजून जिवंत असेल तर त्याचा फोटो पाठवा, म्हणजे कुठली जोडी सोडायची ते सांगता येईल.

तुमचा,
मिलिंद