‘नकली’ म्हणण्याआधी पावती नीट लिहा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

बनावट घड्याळं-दागिने कसे ओळखावेत, हे वर्तमानपत्रांत अधूनमधून येतं. ज्याच्याकडे अशी वस्तू नकळत आली आहे, त्या ग्राहकाशी दुरुस्तीच्या दुकानात कसं वागावं याबद्दल मात्र फारसं लिहिलं जात नाही. या धंद्यातली भांडणं पेटतात ती इथेच, आणि त्यांचं मूळ बहुधा वस्तू ठेवून घेताना दिलेल्या पावतीत असतं.

‘१८ कॅरेटची हिऱ्याची अंगठी’ असं लिहून दिलं की ती अस्सल असल्याचं दुकानदारानेच कबूल केलं. मागाहून ‘हा हिरा नाही’ म्हटलं तर ग्राहकाला पहिली शंका येते ती खडा बदलल्याची, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. म्हणून डोळ्यांना दिसतं तेवढंच लिहावं: ‘पिवळा धातू, आत ७५० चा शिक्का, पांढरा पैलूदार खडा एक’. वजन त्याच्यासमोर, ग्रॅमच्या दोन दशांश स्थळांपर्यंत. परत देताना पुन्हा करून दाखवावं. घड्याळ असेल तर डायलवरचं नाव, केसवरचा क्रमांक, काचेवरचे ओरखडे लिहावेत आणि फोटो काढावा. मागचं झाकण परवानगी घेऊन, त्याच्या डोळ्यांदेखत उघडावं.

एका चाचणीवर निकाल देऊ नये. दागिन्याचा डाक दिलेला (वितळत्या धातूने जोडलेला) सांधा बऱ्याचदा कमी कसाचा असतो. कसोटीवर, म्हणजे सोनं पारखायच्या दगडावर, नेमकी तीच जागा घासली तर चांगला दागिनाही हलका ठरतो. उलट एक्सआरएफ यंत्र (क्ष-किरणांनी धातू ओळखणारं) पृष्ठभागाचे काही मायक्रॉनच वाचतं, त्यामुळे जाड मुलामा त्याला सोनंच वाटतो. सांध्यांपासून लांब दोन-तीन जागा तपासाव्यात. दागिना भरीव आणि बिनखड्याचा असेल तर पाण्यात तोलून घनता काढावी: १८ कॅरेटचं पिवळं सोनं पाण्याच्या १५ ते १६ पट येतं, पितळ साडेआठ पटीच्या आसपास. हिरा तपासायच्या उष्णता-पेनला मॉयसनाइट हा हिऱ्यासारखा दिसणारा वेगळा खडाही हिराच वाटतो. १० पट भिंगाखाली खडा तिरका धरला की मॉयसनाइटमध्ये मागच्या पैलूंच्या कडा दुहेरी दिसतात, हिऱ्यात दिसत नाहीत. प्रयोगशाळेत वाढवलेला हिरा मात्र हिराच. त्याला नकली म्हणणं साफ चूक आहे.

सेकंदकाटा सरकत फिरतो म्हणजे घड्याळ अस्सल, हा समज सोडावा. काटा असा फिरवणारी, तासाला २८,८०० ठोके देणारी मशीन नकली घड्याळांतही असतात. क्रोनोग्राफ (स्टॉपवॉच असलेलं घड्याळ) असेल तर बटण दाबून बघावं. स्वस्त नकलेत छोट्या तबकड्या वेळ मोजण्याऐवजी वार-तारीख दाखवतात. बटण ग्राहकालाच दाबू द्यावं, त्याला लगेच उमगतं.

वस्तू अस्सल वाटत नाही हे सांगायचं ते ग्राहकाला बाजूला बसवून. ती वस्तू भेट म्हणून देणारा शेजारीच उभा असू शकतो, आणि बहुधा तोही फसलेलाच असतो. ‘कुठून आणलंत?’ हा प्रश्न उलटतपासणीसारखा लागतो. ‘अमुक अमुक दिसलं, म्हणून आम्ही याला अस्सल म्हणू शकत नाही’ एवढं पुरे. किमतीचा अंदाज देऊ नये. दुसरीकडेही दाखवा, बिल असेल तर जपून ठेवा, हे आपणहून सांगावं. अशी वस्तू स्वस्तात घेऊन पुढे विकणारा दुकानदार मात्र माझ्या मते सरळसरळ फसवणूक करतो.

ग्राहकाला ती वस्तू वापरायचीच असेल तर घड्याळाचा सेल बदलून द्यायला हरकत नाही. पाणी आत न जाण्याची हमी नाही, एवढं लिहून द्यावं. दागिन्याचा मुलामा उडाला असेल तर खालच्या धातूत निकेल असू शकतं, त्याने कातडीला खाज सुटते, पुरळ उठतं. हे ऐकून घेण्याचा त्याला हक्क आहे.

आपला,
घड्याळ-दागिने दुरुस्तीच्या व्यवसायातील एक वाचक