दुबईच्या जागा अडल्या, भुर्दंड सोलापूरकरांना

माननीय केंद्रीय नागरी विमान वाहतूक मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

स.न.वि.वि.

जुलै २०२५ मध्ये कुवेतशी बोलणी झाली आणि विमानांतल्या आठवड्याच्या जागा १२,००० वरून १८,००० झाल्या. अठरा वर्षांनी का होईना, आकडा हलला, त्याबद्दल आभार. दुबईचा आकडा मात्र २०१४ पासून प्रत्येक बाजूच्या कंपन्यांना सुमारे ६६,००० वरच आहे. दुबईने २०२२ मध्ये आणखी ५०,००० जागा मागितल्या, तेव्हाही आपल्या मंत्रालयाचं उत्तर नकाराचंच होतं. सोलापूर, अक्कलकोट, बार्शीकडून आखातात मजुरीला, ड्रायव्हरकीला जाणारा माणूस या नकाराची किंमत प्रत्येक तिकिटात मोजतो. म्हणून हे पत्र.

१९४४ च्या शिकागो कराराप्रमाणे दुसऱ्या देशात नियमित विमान न्यायचं तर त्या देशाची परवानगी लागते. मग दोन सरकारं बसून ठरवतात की आठवड्याला कुणी किती जागा उडवायच्या आणि कोणत्या शहरांत उतरायचं. दुबईला जाणारे वाढत गेले, जागा गोठल्या, तर दिवाळी आणि ईदच्या आसपास भाडं भडकणारच. यात कसलं कोडं नाही.

आपली बाजू आम्हाला कळते. आखाती कंपन्या इथला प्रवासी दुबईमार्गे लंडन-न्यूयॉर्कला नेतात आणि आपल्या कंपन्यांची थेट उड्डाणं मारली जातात. भीती खोटी नाही. २०१३ मध्ये जेट एअरवेजमध्ये अबू धाबीच्या एतिहाद कंपनीचा पैसा येत असताना तिथल्या जागा ३६,६७० ने वाढवल्या. एप्रिल २०१९ मध्ये जेट बंद पडली, वाढवलेला कोटा तसाच राहिला. असा करार पुन्हा नकोच.

पण संरक्षण दिलंत, त्याचं या कंपन्यांनी केलं काय? इंडिगोने जुलै २०२५ मध्ये मुंबईहून मँचेस्टर आणि अॅमस्टरडॅम सुरू केलं ते भाड्याने आणलेल्या मोठ्या बोइंग ७८७ विमानांवर. इस्तंबूलला दोन बोइंग ७७७ घेतली तीही तुर्की कंपनीची, आणि मे २०२५ मध्ये तुर्कस्तानशी बिनसल्यावर तोच भाडेकरार सरकारच्या गळ्याशी आला. स्वतःची मोठी विमानं नसली की आकाशातली स्पर्धा अशी परराष्ट्र खात्याच्या दारात येऊन उभी राहते. दहा वर्षं कुंपण घालून दिलं, आत पीक उभं राहिलं नाही, आणि राखणीचा खर्च मजुराच्या खिशातून.

लंडनला निघालेला आणि दुबईतच उतरून कामावर जाणारा हे दोन वेगळे प्रवासी आहेत. मग एकाची शिक्षा दुसऱ्याला का? वाढीव जागा द्या, पण मुंबई-दिल्लीला एकही नको. दुबईची एमिरेट्स कंपनी भारतात नऊ शहरांत उतरते, त्यात पुणे नाही. नव्या जागा पुणे, नागपूर अशा शहरांपुरत्या आणि लहान विमानांपुरत्या ठेवा, आणि त्यातला मोठा वाटा भारतीय कंपन्यांना बांधून द्या. आग्नेय आशियातल्या आसियान देशांच्या कंपन्यांना अठरा ठिकाणी मोकळीक देताना शहरं नेमून दिलीच होती ना!

जागा अडल्या की मालही अडतो. ७७७ च्या पोटात प्रवाशांच्या बॅगा धरूनही १५-२० टन माल जातो, लहान विमानात जेमतेम दोन-चार टन. अख्खं डाळिंब थंड कंटेनरमधून बोटीने जाईल, पण सोललेले दाणे ५ अंशांवरही दोनेक आठवडेच टिकतात, त्यांना विमानच हवं. त्यात २०२० पासून परदेशी बिगर-नियमित (ठरलेल्या वेळापत्रकाशिवाय येणाऱ्या) मालवाहू विमानांना सहाच विमानतळ मोकळे आहेत. महाराष्ट्रात एक मुंबई. आमच्या सोलापूरजवळ केगावला देशाचं डाळिंब संशोधन केंद्र आहे, आणि दाण्यांचे खोके मात्र रात्रभर ट्रकने मुंबई गाठतात.

आता घरचा रस्ता बघा. लहान शहरं विमानाने जोडण्याच्या केंद्राच्या 'उडान' योजनेच्या २०१७ च्या यादीत सोलापूर होतं. विमानांच्या वाटेत येणारी सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी जून २०२३ मध्ये पाडली गेली, पहिलं प्रवासी विमान जून २०२५ मध्ये गोव्याला उडालं, मुंबईचं ऑक्टोबरमध्ये. आठ वर्षं! तरी दुबईला जाणाऱ्याला ते सहज उपयोगी पडत नाही, कारण तिकिटं दोन आणि पीएनआर, म्हणजे आरक्षण क्रमांक, तेही दोन. देशांतर्गत तिकिटावर साधारण १५ किलो, आखाताच्या तिकिटावर ३०, म्हणजे वरच्या १५ किलोचे पैसे सोलापुरातच भरा. मुंबईत बॅग पट्ट्यावरून उचला, बाहेर पडा, टर्मिनल बदला, पुन्हा चेक-इन करा. काउंटर उड्डाणाच्या तासभर आधी बंद होतो. पहिलं विमान लेट झालं की दुसऱ्या तिकिटावर 'नो-शो', म्हणजे प्रवासी आलाच नाही, असा शिक्का पडतो, आणि दोन्ही कंपन्या हात वर करतात. हा धोका नको म्हणून माणूस रात्रीची रेल्वे नाहीतर ट्रॅव्हल्स पकडतो.

देशातली नव्वद टक्क्यांच्या आसपास प्रवासी वाहतूक दोन कंपन्यांच्या हातात गेली, तेव्हा मंत्रालय बघत राहिलं. डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची उड्डाणं कोलमडली आणि काही दिवसांतच देशांतर्गत भाड्याला मर्यादा आली, ५०० किलोमीटरपर्यंत ७,५०० रुपये. म्हणजे मनात आणलं तर जमतं. मग आखाताच्या गर्दीच्या आठवड्यांसाठी कमाल भाडं का ठरत नाही? कराराला दोन सरकारं बसतात, बोलणी कंपन्यांच्या सोयीची होतात. तिथे प्रवाशाच्या बाजूने बोलणारा कोण असतो?

दुबईचा कोटा कोणत्या कंपनीने किती वापरला, हे दर महिन्याला जाहीर करा. आणि सोलापूर-मुंबई विमानाची तूट राज्य सरकार भरून देतंच आहे, तर त्या मदतीला अट जोडायला राज्याला सांगा: आंतरराष्ट्रीय कंपनीशी इंटरलाइन करार (एकमेकांचे प्रवासी आणि बॅगा पुढे नेण्याचा), एकच तिकीट, आणि बॅग सोलापूरहून थेट दुबईपर्यंत.

आपला,
सोलापूरचा एक नागरिक