‘दृष्टी गेली ती जनुकांमुळे’ हे शीर्षक दुरुस्त करा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

धूम्रपान, जनुके आणि डोळ्यांचे विकार यांविषयीची आपल्या कालच्या अंकातील बातमी मी नेहमीप्रमाणे थोरल्या भावाला वाचून दाखवली. भाईंना गेली सहा वर्षे वाचता येत नाही. शीर्षक ऐकताच ते म्हणाले, “म्हणजे रक्तातच होतं. माझ्या हातात काय होतं?” शेजारी चहा घेत बसलेला त्यांचा मुलगा रोज पाकीटभर सिगारेट ओढतो. तो “बघ आत्ये, मी सांगत होतो ना?” असे म्हणून उठून गेला. पुढची बातमी ऐकायला तो थांबलाच नाही. शीर्षक वाचून उठून जाणारे असे किती असतील, याचा विचार आपल्या उपसंपादकांनी करायला हवा होता.

बातमीतला मजकूर शीर्षकाच्या अगदी उलट आहे: धूम्रपानाने डोळे बिघडतात का, हे जनुकांच्या मदतीने कसे तपासतात ते त्यात आहे. विडी-सिगारेट ओढणारा माणूस पुष्कळदा उन्हात राबतो, नीट जेवत नाही, दारूही घेतो. मग डोळे गेले ते नेमके कशाने, ही शंका नेहमी राहायची. जनुकांचे वाटप मात्र जन्माआधीच, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे होते. ऊन, जेवण, गरिबी यांचा त्या चिठ्ठीवर परिणाम होत नाही. पंधराव्या गुणसूत्रावर निकोटिनशी संबंधित एक जनुक आहे. त्याचा विशिष्ट प्रकार ज्यांच्याकडे असतो ते ओढू लागले की इतरांपेक्षा जास्त ओढतात. अशा चिठ्ठ्या वाट्याला आलेल्या लोकांचे डोळे जास्त बिघडतात का, एवढेच संशोधक पाहतात. ज्याने आयुष्यात विडीला हात लावला नाही, त्याच्या अंगात हा प्रकार असून नसून सारखेच. २०२१ साली याच पद्धतीने केलेल्या एका अभ्यासात, ज्यांचा जनुकीय कल धूम्रपान सुरू करण्याकडे होता त्यांच्यात मॅक्युला, म्हणजे डोळ्याच्या पडद्याचा मध्यभाग, झिजण्याच्या विकाराचा पुढचा टप्पा अधिक आढळला आणि ज्यांचा कल सोडण्याकडे होता त्यांच्यात कमी. म्हणजे जनुके इथे तंबाखूविरुद्ध साक्ष देताहेत. आपण साक्षीदारालाच पिंजऱ्यात उभे केलेत.

ही चूक नवी नाही, म्हणून तर जास्त राग येतो. १९५० साली डॉल आणि हिल या ब्रिटिश संशोधकांनी सिगारेट आणि फुफ्फुसाच्या कर्करोगाचा संबंध दाखवला, त्यानंतर काही वर्षांनी रोनाल्ड फिशर या थोर संख्याशास्त्रज्ञाने नेमका हाच मुद्दा काढला होता: कदाचित एकाच जनुकामुळे माणूस सिगारेटही ओढत असेल आणि त्याला कर्करोगही होत असेल. फिशर तेव्हा तंबाखू उत्पादकांचे सल्लागार होते. ती पळवाट बंद करायला पुढे जनुकांचाच उपयोग झाला. आणि आपण एका ओळीत ती पुन्हा उघडून दिलीत.

आता भाईंविषयी. आमच्या गावच्या जत्रेतल्या मराठी नाटकांना भाई तीस वर्षे प्रॉम्प्टर होते. विंगेत स्टुलावर बसायचे, मांडीवर हाताने लिहिलेली वही, एका हातात विडी. एकदा रात्री दोन वाजता तिसऱ्या अंकात ते थांबले. नट मागे वळून बघू लागला. वहीतल्या ओळी मधेच वाकल्यासारख्या दिसतात, असे नंतर मला सांगितले. आठवड्याने म्हणाले, देवळाचा खांबही वाकडा दिसतो. सरळ रेघ वाकडी दिसणे ही डोळ्याच्या पडद्याच्या मध्यभागी काही बिघडल्याची खूण असते आणि तेव्हा एकेक दिवस मोलाचा असतो, हे मला आज माहीत आहे. तेव्हा आम्हाला कोणी सांगितले नाही. ज्या ठिकाणी दाखवले तिथे मधुमेह विचारला, रक्तदाब विचारला, विडीचा प्रश्न कोणी काढला नाही. वयोमानाने होते, मोतीबिंदू पिकू द्या, असे सांगून परत पाठवले. पाच महिन्यांनी दुसऱ्या डॉक्टरांनी चौकटींचा कागद समोर धरला, माझ्या वर्गातल्या मुलांच्या गणिताच्या वहीसारखा. मधल्या चौकटी भाईंना दिसतच नव्हत्या. डोळ्यात इंजेक्शने झाली, पण पडद्यावर डाग पडून गेला होता. डाव्या डोळ्याचेही पुढे तेच झाले. आता त्यांना खोलीच्या कडा दिसतात. समोर कोण उभे आहे ते मात्र आवाजावरून ओळखतात.

त्या पहिल्या भेटीत “विड्या किती ओढता?” एवढे कोणी विचारले असते, तर डावा डोळा कदाचित राहिला असता. हे मी कुणावर सूड म्हणून लिहीत नाही. तपासणीच्या कागदावर एक रकाना वाढवायला काय लागते?

या विकाराला अनुवंशाची बाजूही आहे, हे मी नाकारत नाही. २००५ साली त्याच्याशी निगडित एक महत्त्वाचे जनुक सापडले. पण ज्याला तो धोका वारशाने मिळाला आहे, त्याला तर सिगारेटपासून दूर राहण्याचे कारण दुप्पट. भाऊ आणि मी एकाच आईबापांची. मी एकाहत्तर वर्षांची आहे आणि अजून सुईत दोरा ओवते. एका घराच्या दाखल्याने शास्त्र सिद्ध होत नाही, हे मला कळते. म्हणूनच ब्रिटनच्या बायोबँकेत, म्हणजे संशोधनासाठी आरोग्याची आणि जनुकांची माहिती साठवणाऱ्या संग्रहात, पाच लाख माणसांनी आपली माहिती दिली. ती मुख्यत्वे युरोपीय वंशाच्या लोकांची आहे. आपल्याकडे जीनोम इंडिया या भारतीयांच्या जनुकांची नोंद करणाऱ्या प्रकल्पाने दहा हजार लोकांची जनुकीय माहिती २०२५ च्या जानेवारीत संशोधकांसाठी खुली केली आहे. आपल्या डोळ्यांचा आणि आपल्या विडीचा हिशेब त्यातून कोणी मांडील का, यावर आपल्या प्रतिनिधीने लिहावे.

तंबाखूचा वापर देशात सर्वांत कमी गोव्यात, २०१६-१७ च्या पाहणीत ९.७ टक्के, हे आपण अभिमानाने छापता. धूम्रपानबंदीचा कायदाही गोव्याने १९९७ सालीच केला. पण पाकिटावर कर्करोगाचे चित्र असते, डोळ्याचे नसते. डोळा जाईल हे माझ्या भाच्याला पाकिटावरून कळत नाही, आणि काल आपल्या अंकातूनही कळले नाही.

आणखी एक. रविवारच्या पुरवणीत रंगीत पट्टीवर फिकट करडी अक्षरे छापणे आपण कधी बंद करणार? नजर कमी असलेल्यांना ती अजिबात लागत नाहीत. भाईंसारख्यांचा प्रश्न आता संपला, पण ज्यांना थोडे दिसते त्यांना तरी वाचू द्या.

शीर्षकाची दुरुस्ती त्याच पानावर, त्याच आकाराच्या अक्षरांत छापावी. त्या दिवशी मी ती मोठ्याने वाचीन, आणि भाचा चहाला बसलेला असतानाच वाचीन.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, डिचोली