बदलीला येणाऱ्या मुलांबाबत सोसायटी अध्यक्षांना पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व कार्यकारिणी सदस्य

विषय : कामावर येणाऱ्या लहान मुलांबद्दलच्या सूचनेबाबत

महोदय,

चौदा वर्षांखालील मुलांना कामासाठी गेटमधून आत सोडू नये, ही समितीने फलकावर लावलेली सूचना मी वाचली. तिला माझा पूर्ण पाठिंबा आहे. पण आपण तेवढ्यावरच थांबलो, तर ही मुले शाळेत जाणार नाहीत. ती दुसऱ्या कुठल्या तरी गेटमधून आत जातील.

आपल्याकडे मूल मुद्दाम कामाला ठेवणारी घरे फार नसतील. घरकामाच्या ताई आजारी पडतात. खाडा झाला की पगार कापला जातो आणि खाडे वाढले की कामच जाते, ही धास्ती असते. मग त्यांच्या जागी त्यांची मुलगी बदलीला येते. आमच्या मजल्यावर अशीच एक मुलगी यायची. सिंकपर्यंत हात पुरावा म्हणून बादली पालथी घालून तिच्यावर उभी राहायची आणि कुकर छातीशी धरून घासायची. "आई बरी झाली की शाळेत जाणार," असे सांगायची. आई बरी झाली, पण तोवर एका घराने मुलीलाच कायम केले होते, कारण ती कमी पैशांत येत होती. आईला बाहेर नवे काम शोधावे लागले. मुलीची शाळा सुटली ती सुटलीच.

पार्किंगमध्ये पहाटे वडिलांबरोबर गाड्या पुसणाऱ्या मुलांचेही तेच. ती वर्गात पेंगतात, मागे पडतात आणि अभ्यासात गोडी नाही असा शिक्का घेऊन घरी बसतात. त्यांची झोपच झालेली नसते, हे कोणी विचारात घेत नाही.

"गरिबाच्या घराला तेवढाच हातभार" असे काही सभासद म्हणतात. त्यांचा हेतू चांगला आहे, हे मी मानते. पण मूल स्वस्तात मिळते तिथे मोठ्या माणसाची मजुरीही खाली येते आणि घराची ओढाताण तशीच राहते. शिवाय 1986 च्या बालकामगार कायद्यात 2016 साली दुरुस्ती झाली, तेव्हापासून चौदा वर्षांखालील मुलांना कोणत्याही कामावर ठेवण्यास बंदी आहे. घरच्या व्यवसायात शाळेनंतर किंवा सुट्टीत मदत करण्याची सूट आहे, पण आपल्या घरची धुणीभांडी हा त्या मुलीच्या घरचा व्यवसाय नव्हे. शिक्षा काम देणाऱ्याला होते : सहा महिने ते दोन वर्षे कैद, किंवा 20,000 ते 50,000 रुपये दंड, किंवा दोन्ही.

तेव्हा माझी विनंती अशी. घरकाम करणाऱ्या प्रत्येकाला महिन्यातून ठरावीक भरपगारी रजा मिळावी आणि आजारपणात काम जाऊ नये, असा ठराव सर्वसाधारण सभेत मांडावा. बदली लागलीच तर ती मोठ्या माणसाचीच, आणि तिचा पगार घरमालकाने वेगळा द्यावा. सफाईच्या ठेकेदाराकडून कामगारांचे पैसे उशिरा मिळतात, अशी तक्रार मी कामगारांकडूनच ऐकली आहे. पगार ठरलेल्या तारखेला देण्याची अट करारात घालता येईल. घरातल्या मोठ्यांचे पैसे वेळेवर आणि पुरेसे आले, तर मुलांना कामाला पाठवण्याची वेळच येणार नाही.

गेटवर मूल दिसले तर रखवालदाराने नुसते हाकलू नये. पालकांशी कोणीतरी बोलावे. शिक्षण हक्क कायद्यानुसार 6 ते 14 वयाच्या मुलाला वयाप्रमाणे वर्गात प्रवेश मिळतो. वयाचा पुरावा नाही किंवा आधीच्या शाळेचा दाखला मिळायला उशीर होतो आहे, म्हणून शाळा नाही म्हणू शकत नाही. पालकांना हे माहीत नसते, आणि शाळेच्या ऑफिसात एकट्याने जायला ते बिचकतात. त्यांच्यासोबत जायला मी तयार आहे. कुठे मुलाला मारहाण होत असेल किंवा डांबून ठेवले असेल, तर मुलांच्या मदतीसाठी असलेल्या 1098 या क्रमांकावर लगेच कळवावे. हा क्रमांक सूचनेखाली मोठ्या अक्षरांत लिहावा.

रजेच्या ठरावाचा मसुदा मी करून देते. पुढच्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेत तो घ्यावा, ही विनंती.

आपली विश्वासू,
एक सभासद, बी विंग