ग्लेन मिलर बेपत्ता होण्याआधीही होते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत दुसऱ्या महायुद्धात बेपत्ता झालेले अमेरिकी वाद्यवृंदाचे प्रमुख ग्लेन मिलर यांच्यावरचा लेख वाचला. माहिती चोख आहे, पण अर्ध्याहून जास्त जागा १५ डिसेंबर १९४४ या एकाच दिवसाने खाल्ली आहे. बेडफर्डजवळच्या ट्विनवुड फार्म तळावरून पॅरिसला निघालेले त्यांचे छोटे नॉर्समन विमान इंग्लिश खाडीच्या आसपास नाहीसे झाले आणि तेव्हापासून तर्कांना ऊत आला आहे. मी हवाई दलात इंजिन फिटर होतो. एकच इंजिन, डिसेंबरातली दमट, गारठलेली हवा आणि इंजिनात इंधन-हवा मिसळणारा कार्ब्युरेटर: त्यात बर्फ धरला असेल, दुसरे काय! बऱ्याच अभ्यासकांचाही कल तिकडेच आहे. मला बोलायचे आहे ते या माणसाने गणवेशात काढलेल्या दोन वर्षांबद्दल.

१९४२ च्या फेब्रुवारीत त्यांच्या एका रेकॉर्डच्या बारा लाख प्रती खपल्या, म्हणून कंपनीने त्यांना सोनेरी तबकडी भेट दिली. त्याच सप्टेंबरात त्यांनी भरभराटीत असलेला आपला वाद्यवृंद मोडला. वय अडतीस, घरी बसले असते तरी कोणी बोट दाखवले नसते. आधी नौदलाने नकार दिला, मग लष्कराला स्वतःच पत्र लिहून ते कॅप्टन झाले.

पुढे हवाई दलाच्या कॅडेटांसाठी त्यांनी येल विद्यापीठाच्या आवारात बँड उभा केला आणि पहिली खडाजंगी झाली ती मार्चिंगच्या चालीवरून. 'सेंट लुई ब्लूज' या जॅझमधल्या गाण्यावर त्यांच्या लोकांनी कवायतीची चाल बांधली आणि जीपवर ड्रम चढवून ती वाजवली. जुन्या अधिकाऱ्यांचे म्हणणे, गेल्या महायुद्धात पारंपरिक चालींवर भागले, आताच काय झाले? त्यावर मिलर यांनी विचारले म्हणे, गेल्या महायुद्धातलीच विमाने अजून उडवता का? खरे-खोटे देव जाणे, पण परेड ग्राउंडवर उन्हात उभे राहिलेल्या कोणालाही हा प्रश्न पटेल.

१९४४ च्या जूनमध्ये बँड लंडनला पोहोचला, तेव्हा जर्मनांचे उडते बॉम्ब पडत होते. मिलर यांनी खटपट करून माणसे बेडफर्डला हलवली. दुसऱ्याच दिवशी, ३ जुलैला, त्यांच्या लंडनमधल्या मुक्कामाच्या जागेजवळ बॉम्ब पडून कितीतरी अमेरिकी सैनिक ठार झाले. बँडवाल्यांची नोकरी म्हणजे सुखाची, असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

त्यानंतरचे महिने रेडिओ आणि विमानतळ यांतच गेले. कार्यक्रम बहुधा हँगरमध्ये, म्हणजे विमाने ठेवायच्या पत्र्याच्या शेडमध्ये होत. हँगरमध्ये बँड ऐकलेल्यालाच कळेल: पत्र्याखाली एक सूर विरायच्या आत दुसरा त्यावर येऊन आदळतो. त्यात गारठ्याने पितळी वाद्यांचा सूर उतरतो आणि व्हायोलिनवाले हवालदिल होतात. मिलर यांच्याकडे तर वीसेक तंतुवादक होते. समोर हजारो माणसे, जागा मिळाली नाही तर बॉम्बर विमानाच्या पंखावर चढून बसलेली. त्यांतली काही नुकतीच जर्मनीवरून परतलेली, काही पहाटे निघायची. घरच्या पत्राखालोखाल सैनिकांना उभारी देणारे काही असेल तर हा बँड, असे इंग्लंडमधल्या अमेरिकी हवाई दलाचे सेनापती जनरल डूलिटल म्हणाले होते. मिलर मात्र तालमीत कडक, थोडे तुसडेच. शत्रूच्या सैनिकांसाठीच्या कार्यक्रमांत त्यांनी घोकून घोकून जर्मन वाक्येही म्हटली.

आणि साथीदार? ड्रमवर रे मॅकिन्ली. पियानोवर मेल पॉवेल, ज्यांना पुढे १९९० मध्ये संगीतरचनेसाठी पुलित्झर मिळाले. ही मंडळी काही दिवसांनी पॅरिसला उतरली, तर आधी जाऊन तयारी करणार होते ते मिलर तिथे पोहोचलेच नव्हते. २४ डिसेंबरला ते बेपत्ता असल्याचे जाहीर झाले. २५ ला नाताळचा कार्यक्रम बँडचे संगीत-संयोजक जेरी ग्रे यांनी उभे राहून पार पाडला. मला विचाराल तर लेखाचा मथळा इथे होता!

आपल्या हवाई दलाचा बँडही १९४४ चाच. प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात तो वाजू लागला की टीव्हीवरच्या निवेदकाला नेमके तेव्हाच बोलायला सुचते, आणि वर्तमानपत्रात फोटो आला तर त्याखाली फक्त 'हवाई दलाचा बँड'. आपण या वादकांना गाठून पुरवणीचे एखादे पान द्यावे आणि फोटोखाली त्यांची नावे, हुद्दे, वाद्ये छापावीत, एवढी विनंती.

आपला,
एक निवृत्त वायुसैनिक, पुणे