चापडगावच्या गाईडदादांना, आईकडून आणि माझ्याकडून

दादा, सप्रेम नमस्कार.

नांदूर मध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात हिवाळ्यात एवढी माणसं येतात, त्यात आम्ही मायलेकी तुमच्या लक्षात आहोत की नाही, कोण जाणे. काचबिंदूने आईची नजर जवळजवळ गेली आहे. उजेड, सावली आणि ठळक आकार, यापलीकडे तिला फारसं दिसत नाही. "पक्षी बघायला मला कशाला नेतेस?" असं ती निघतानाच म्हणाली होती. निफाडच्या थंडीत चार पावलं मोकळं चालेल, एवढाच माझा हेतू होता. तुम्ही त्या सकाळी तिच्यासाठी जे केलंत त्याचे आभार तिथे धड मानता आले नाहीत. म्हणून हे पत्र, आणि सगळ्यांना वाचता येईल असं.

पायवाटेला लागताच तुम्ही दुर्बीण माझ्या हातात दिलीत आणि स्वतः आईच्या जोडीने चालू लागलात. "मावशी, घाई नाही. आधी डावीकडचं ऐका." पाणकणसात जांभळ्या पाणकोंबड्यांचा कलकलाट चालला होता. त्या एका पायावर उभ्या राहून दुसऱ्या पायाने देठ हातात धरल्यासारखा धरतात आणि सोलून खातात, हे तुम्ही तिला सांगितलंत. मग पुढे टिबुकलीची खिदळल्यासारखी लकेर, शेकाट्यांची टोकदार किक्‌-किक्‌, आणि लांब पाण्यावरून चक्रवाकांची नाकातली हाक. चक्रवाकाची जोडी रात्री नदीच्या दोन काठांवरून एकमेकांना साद घालते, ही गोष्ट आईने लहानपणी ऐकलेली. तो पक्षी खरोखर असतो आणि आपल्या गोदावरीवर येतो, हे तिला या वयात कळलं. तेवढ्यासाठी ती कितीतरी वेळ तिथून हलली नाही.

कमळपक्ष्याचं तर मी कधीच विसरणार नाही. पानांवरून हा पक्षी चालतो कसा, बुडत कसा नाही, असं तिने विचारलं. तुम्ही वाळलेली काडी उचललीत, तिला हात पुढे करायला सांगितलंत आणि तळव्यावर त्याच्या पायाची बोटं आखलीत. मनगटापासून निघालेली रेघ बोटांच्या टोकाशी येऊन थांबली. "एवढी लांब?" म्हणून तिने पुन्हा एकदा आखायला लावली. अंडी नर उबवतो, पिल्लंही तोच सांभाळतो, हे ऐकून ती मनापासून हसली. घरी आल्यावर शेजारच्या काकूंना पहिलं तेच सांगितलं.

वाटेत तुम्ही बंधाऱ्याची हकीकत सांगितलीत. गोदावरी आणि कादवेच्या संगमापाशी इंग्रजांच्या काळात हा बंधारा झाला, वरून येणारा गाळ त्याच्या पाठीमागे बसत गेला, पाणी उथळ झालं, मध्ये बेटं वर आली, पाणवनस्पती माजली आणि तिच्यामागे पक्षी आले. आई शेतकऱ्याच्या घरातली. गाळाने तळं भरलं की लोक हळहळतात, हेच तिने आजवर पाहिलेलं. इथे त्याच गाळावर 1986 साली अभयारण्य झालं आणि 2020 मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, महाराष्ट्रातली पहिली पाणथळ जागा म्हणून नाव आल्याचं जाहीर झालं, याचं तिला फार अप्रूप वाटलं.

मनोऱ्याजवळ आलो तेव्हा पाण्यावरचा सगळा गलका एकदम बदलला. तुम्ही आईच्या कोपराला हलकेच हात लावलात. "भोवत्या आला बघा. वारकरी एका जागी गोळा व्हायला लागले." भोवत्या हा शिकारी पक्षी, आणि वारकरी म्हणजे पाण्यावर थव्याने राहणारे काळे पाणपक्षी. मी मान वर करून आभाळात शोधत होते, तुम्हाला आणि आईला ते ऐकूनच कळलं होतं. पाठोपाठ तो थवा उठला, पाण्यावर पाय आपटत धावत, आणि आई म्हणाली, "कोणीतरी मोठी ओली चादर झटकतंय!" तिच्या चेहऱ्यावर असा आनंद मी फार दिवसांनी पाहिला.

त्याच दिवशी मोठमोठ्या लेन्सा घेऊन आलेला एक घोळका "रोहित कुठे आहेत तेवढं सांगा" म्हणत, म्हणजे फ्लेमिंगो पक्ष्यांसाठी, घाई करत होता. त्यांनाही तुम्ही तितक्याच शांतपणे दिशा दाखवलीत, पण आईला मध्येच सोडून गेला नाहीत. हे मला फार मोठं वाटतं. तिथे जाणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: गावातला गाईड जरूर घ्या, त्याच्या मानधनात घासाघीस करू नका आणि त्याला बोलू द्या. ही माणसं त्या पाण्याकाठी लहानाची मोठी झाली आहेत.

आई आता सकाळचा चहा गॅलरीत घेते. तांबट, खंड्या, बुलबुल तिला आवाजावरून नेमके ओळखता येतात, आणि मी चुकले की ती मला दुरुस्त करते. डोळे अधू झाल्यापासून ती घरात गप्प गप्प असायची. आता रोज काहीतरी सांगायला असतं तिच्याकडे. दादा, हे तुमच्यामुळे.

तिचा निरोप असा: आमच्या मागच्या नाल्याकडून रात्री-अपरात्री एक पक्षी ओरडत जातो. ती टिटवीच म्हणते, पण तुमच्याकडून पक्कं करून घ्यायचंय. मी आवाज फोनवर भरून ठेवला आहे. पट्टकादंब, ते हिवाळी पाहुणे हंस, उतरले की कळवा, आम्ही येतो.

तुमची,
मावशींची लेक